पौषधशाळेपासून विरंगुळा केंद्रापर्यंत

भगवान महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षे पूर्ण झाली, ते १९७४-७५ चे वर्ष ज्यांनी जाणत्या वयात अनुभवले त्यांना त्या दिवसांचा उत्साह आजही आठवत असेल. सर्व संप्रदायांनी एक ध्वज व एक प्रतीक स्वीकारले. पूज्य विनोबाजींनी अनेक वर्षे धरलेला आग्रह फळास आला आणि निरनिराळ्या परंपरांच्या मुनिवरांनी व विद्वानांनी एकत्र बसून ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सर्वमान्य केला. त्या वेळी विनोबाजींचे वय एकोणऐंशी होते. गावोगावी पाठशाळा, वाचनालये, न्यास उभे राहिले. आपला ट्रस्टही त्याच पुण्यपर्वाचे अपत्य होय.

त्या काळातील जैन न्यासांच्या उद्देशपत्रिका वाचल्या तर त्यांचा साचा बहुतेक एकच दिसतो. धार्मिक पाठशाळा, होतकरू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, गरजूंना औषधोपचार, साधु-साध्वींच्या विहाराची व चातुर्मासाची व्यवस्था, जीवदया. वृद्धांचा उल्लेख आलाच तर ‘निराधार’ या विशेषणासह येतो. ज्याला मुलेबाळे आहेत, घर आहे, दोन वेळचे जेवण आहे, अशा वृद्धासाठी समाजाने काही करावयाचे असते हा विचारच तेव्हा नव्हता. यात संस्थापकांचा दोष नाही. १९७०-७५ च्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान पन्नास वर्षांच्या आसपास होते. २०१६-२० मध्ये ते सत्तरीला पोचले. आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांत माणसाच्या आयुष्यात सरासरी वीस वर्षांची भर पडली, आणि त्या वीस वर्षांचे काय करावयाचे याची तरतूद मात्र कोणत्याही उद्देशपत्रिकेत नव्हती.

सध्या नव्या वास्तूच्या तळमजल्यावरील सभागृहाविषयी समाजात चर्चा चालू आहे. ते लग्नकार्यांसाठी भाड्याने द्यावे आणि त्या उत्पन्नातून शिष्यवृत्त्या वाढवाव्यात, असे एक मत. ते रोज काही तास ज्येष्ठांसाठी राखून ठेवावे, असे दुसरे. दोन्ही बाजूंची समाजाविषयीची कळकळ सारखीच आहे. मात्र ही चर्चा ऐकताना असे जाणवते की, ज्येष्ठांचे केंद्र ही परदेशातून आलेली नवी टूम आहे असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले आहे. एकाला ती हवीशी वाटते, दुसऱ्याला नकोशी, एवढाच फरक. वस्तुस्थिती तशी नाही. हा विषय आपल्या परंपरेत फार जुना आहे, आणि सभागृहाचा निर्णय घेण्यापूर्वी तो इतिहास समाजबांधवांसमोर यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आरंभ ‘स्थविर’ या शब्दापासून करावा लागेल. स्थानांगसूत्रात आणि व्यवहारसूत्रात स्थविरांच्या तीन भूमिका सांगितल्या आहेत. साठ वर्षे वयाचा श्रमण तो जातिस्थविर, स्थानांग व समवायांग यांचा ज्ञाता तो श्रुतस्थविर, आणि ज्याच्या दीक्षेला वीस वर्षे झाली तो पर्यायस्थविर. साठ हा आकडा वाचून आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. भारत सरकारने १९९९ च्या राष्ट्रीय धोरणात ज्येष्ठ नागरिकाची जी वयोमर्यादा धरली, तीच आपल्या आगमांनी कित्येक शतके आधी धरली होती! परंतु आकड्यापेक्षाही महत्त्वाचा आहे तो शब्दाचा अर्थ. ‘वृद्ध’ म्हणजे वाढलेला, ‘जीर्ण’ म्हणजे झिजलेला. ‘स्थविर’ म्हणजे मात्र जो स्वतः स्थिर आहे आणि धर्मात डळमळणाऱ्या इतरांना स्थिर करतो तो. इतर शब्द माणसाची अवस्था सांगतात, हा शब्द त्याचे काम सांगतो. स्थानांगाच्या दहाव्या स्थानात तर दहा प्रकारचे स्थविर मोजले आहेत आणि त्यांत ग्रामस्थविर, नगरस्थविर, राष्ट्रस्थविर हे पहिले आहेत. गावाला, नगराला, राष्ट्राला स्थिर ठेवणारा जो कोणी, त्याचीही गणना आगमकारांनी याच मालिकेत केली.

व्यवहारसूत्राच्या आठव्या उद्देशकातील एक तरतूद या दृष्टीने फार बोलकी आहे. स्थविरभूमीला पोचलेल्या साधूला काठी, छत्र, जादा पात्र, चर्म इत्यादी उपकरणे बाळगण्याची अनुज्ञा तेथे दिली आहे. छत्रासारखी वस्तू एरवी साधूला वर्ज्य. परंतु ही सवलत दिली आहे ती कशासाठी, हे पाहण्यासारखे आहे. ही उपकरणे सुरक्षित जागी ठेवून स्थविराने गोचरीसाठी गृहस्थाच्या घरी जावे व परत येताना पुन्हा अनुज्ञा घेऊन ती उचलावीत, असा तो नियम आहे. म्हातारा झाला म्हणून त्याने एका जागी बसावे आणि तरुण साधूंनी त्याला आणून घालावे, असे सूत्रकार म्हणत नाहीत. त्याला चालता यावे, त्याचे नित्यकर्म त्याचे त्यालाच करता यावे, म्हणून नियम वाकवला आहे. आजचे डॉक्टर व व्यायामतज्ज्ञ हेच वेगळ्या भाषेत सांगतात. अर्थात जो खरोखरच आजारी आहे त्याच्या सेवेचाही विसर पडलेला नाही. वैयावृत्त्य हे सहा अंतरंग तपांपैकी एक, आणि स्थानांगातील दहा वैयावृत्त्यांत स्थविराचे स्थान आहे.

पाय पूर्णपणे थकले की स्थिरवास. ज्या गावी एखादा वयोवृद्ध संत स्थिरवासी झाला, त्या गावाचे त्या काळात विद्यापीठ होते हा आपल्याकडचा अनुभव आहे. आचार्यसम्राट आनंदऋषिजी महाराजांचे उदाहरण महाराष्ट्राला सांगावयास नको. १९०० साली चिचोंडी येथे जन्मलेल्या आनंदऋषिजींवर श्रमणसंघाचे आचार्यपद १९६४ साली अजमेर येथे आले, म्हणजे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. नोकरदार माणूस ज्या वयात निवृत्तिवेतनावर स्थिरावलेला असतो, त्या वयात त्यांनी संपूर्ण संघाचा भार घेतला आणि पुढे अठ्ठावीस वर्षे, १९९२ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे देह ठेवीपर्यंत, तो वाहिला.

हे झाले श्रमणांचे. गृहस्थाचे काय?

उपासकदशांगातील पहिलेच अध्ययन आनंद श्रावकाचे आहे. वाणिज्यग्रामचा हा गृहपती बारा कोटी सुवर्णमुद्रांचा व चाळीस हजार गाईंचा धनी. भगवंतांकडून व्रते घेतल्यावर चौदा वर्षे त्याने संसार व व्यापार सांभाळून धर्माचरण केले. नंतर एके दिवशी आप्तेष्टांना व मित्रांना भोजनास बोलावून, सर्वांच्या साक्षीने त्याने ज्येष्ठ पुत्रावर कुटुंबाची धुरा सोपवली. यापुढे व्यवहारातील कोणतीही गोष्ट मला विचारू नये, असे सर्वांना सांगून तो कोल्लाग सन्निवेशातील पौषधशाळेत राहावयास गेला. तेथे त्याने एकामागून एक अकरा प्रतिमांची आराधना केली.

या कथेकडे आपण सहसा केवळ वैराग्याची कथा म्हणून पाहतो. परंतु आनंद घर सोडून वनात गेला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. वैदिक परंपरेतील वानप्रस्थाश्रमी वनाची वाट धरतो. आनंद आपल्याच ज्ञातिबांधवांच्या वस्तीतील पौषधशाळेत गेला. ती जागा समाजाच्या मध्येच होती. तेथे नित्यक्रम होता, अभ्यास होता, चढत्या क्रमाची ध्येये होती. मुलाच्या कारभारात लुडबुड नाही आणि स्वतःला रिकामपणही नाही. उतारवयातील माणसासाठी समाजातच स्वतंत्र जागा असावी या कल्पनेचे आपल्याकडील मूळ शोधावयाचे तर ते या पौषधशाळेत सापडते, असे मला वाटते.

त्याच कथेचा उत्तरार्ध अधिक प्रसिद्ध आहे. साधनेच्या अखेरीस आनंदाला विशाल अवधिज्ञान झाले. गणधर गौतमस्वामी त्याला भेटावयास आले असता गृहस्थाला इतके व्यापक ज्ञान होणे शक्य नाही, असे त्यांनी म्हटले व आलोचना करण्यास सुचवले. आनंदाने नम्रपणे विचारले की, सत्य बोलणाऱ्याने प्रायश्चित्त घ्यावयाचे असते काय? गौतम भगवंतांकडे परतले. भगवंतांनी आनंदाचा पक्ष खरा ठरवला आणि गौतमस्वामींनी जाऊन त्या वृद्ध श्रावकाची क्षमा मागितली. संघातील सर्वश्रेष्ठ शिष्याने एका अंथरुणाला खिळलेल्या गृहस्थासमोर हात जोडले, कारण त्याला काही कळले होते. केवळ वयाला दिलेला हा मान नव्हे.

दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात याच अकरा प्रतिमा क्रमाने येतात. त्या क्रमात आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने एक मर्म आहे. आरंभत्याग, म्हणजे उपजीविकेचा उद्योग सोडणे, ही आठवी प्रतिमा, परिग्रहत्याग नववी, घरच्या व्यवहारांना अनुमती देण्याचेही थांबवणे ही दहावी. सामायिक तिसरी आणि प्रोषध चौथी. म्हणजे निवृत्ती येण्याच्या पुष्कळ आधी, दुकान चालू असतानाच, सामायिकाची व प्रोषधाची सवय लागलेली असावी अशी योजना आहे. आपल्याकडे आज उलटे घडते. गल्ल्याची किल्ली मुलाच्या हाती जाते, बिले संगणकावर निघू लागतात, २०१७ पासून जीएसटीचा व्यवहार सगळा ऑनलाइन झाला, आणि पन्नास वर्षे मुखोद्गत भाव सांगणारे वडील एका सकाळी आपल्याच दुकानात पाहुणे होतात. नंतर त्यांना मंदिराची वाट दाखवली जाते. आधीच्या सात पायऱ्या न चढता थेट आठवीवर उभे राहणाऱ्याचा पाय लटपटला तर नवल नाही.

मध्ययुगात या परंपरेने आणखी एक रूप घेतले. सतराव्या शतकात आग्रा येथे व्यापारी श्रावक नियमाने एकत्र जमून अध्यात्मग्रंथांची चर्चा करीत. अशा मंडळाला ‘शैली’ म्हणत. कविवर बनारसीदास हे तिचे सर्वज्ञात सदस्य. रूपचंद, चतुर्भुज, भगवतीदास, कुँवरपाल व धर्मदास या सहाध्यायांची नावे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहेत. व्यापारात वारंवार बुडालेला, एकामागून एक अपत्ये गमावलेला हा गृहस्थ पन्नाशीला ‘नाटक समयसार’ पूर्ण करतो आणि १६४१ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, आपले आत्मचरित्र लिहून त्याला ‘अर्धकथानक’ हे नाव देतो. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे, म्हणून ही अर्धीच कथा, असा त्याचा हिशेब. दुर्दैवाने उरलेली अर्धी त्यांच्या वाट्याला आली नाही. पण पंचावन्नाव्या वर्षी अर्धेच आयुष्य झाले आहे असे मानणाऱ्या माणसामागे मित्रांची एक शैली उभी होती, हे विसरता येत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. आयुष्यभर व्यापार केल्यावर १९४० मध्ये, आपल्या न्यायोपार्जित संपत्तीचा विनियोग धर्म व समाज यांच्या उन्नतीसाठी करावा असा विचार त्यांच्या मनात आला. पैसा देऊन ते मोकळे झाले असते तर त्यांचे नाव एखाद्या शिलालेखावर राहिले असते, इतकेच. त्यांनी देशभर हिंडून विद्वानांची मते गोळा केली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथा सिद्धक्षेत्री विद्वानांची सभा भरवली, जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापन केला आणि त्याला तीस हजार रुपये दिले. १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती संघाच्या स्वाधीन केली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेत ‘तिलोयपण्णत्ती’सारखा दुर्मिळ ग्रंथ प्रथमच शास्त्रशुद्ध रीतीने प्रकाशात आला. १९५७ मध्ये त्यांचा देहान्त झाला. जीवनाची शेवटची सतरा वर्षे काढून टाकली तर ते सोलापूरचे एक सधन व्यापारी एवढेच उरतात.

मग असा वारसा असताना गेल्या दीड-दोनशे वर्षांत आपल्या समाजाने ज्येष्ठांसाठी संस्था का उभ्या केल्या नाहीत? मुंबईची पांजरपोळ १८३४ सालची. शेठ मोतीचंद अमीचंद व सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. पुढे गावोगावी जैनांनी पांजरपोळी काढल्या. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि तिने बोर्डिंगे काढली. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली, त्यांच्या कन्या मगनबाई यांनी विधवांसाठी श्राविकाश्रमाचे कार्य केले. दूध आटलेल्या गाईसाठी, शिक्षणासाठी गाव सोडलेल्या मुलासाठी, निराधार विधवेसाठी जागा झाली. घरातील आजोबांसाठी झाली नाही, कारण आजोबांची जागा घरातच होती. ओसरी होती, पेढी होती, नातवंडांना णमोकार शिकवण्याचे काम होते. ती जागा आपण १९७५ नंतर, फ्लॅट संस्कृतीत, हळूहळू गमावली. मुले पुणे-मुंबईला, तेथून परदेशी गेली. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे साडेचव्वेचाळीस लाख जैनांपैकी चौदा लाख महाराष्ट्रात आहेत. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जैनांचा जननदर १.२, म्हणजे सर्व धर्मीयांत सर्वांत कमी आढळला. ज्या घरात एकच अपत्य, तेही परगावी, त्या घरातील ओसरी कोणासाठी?

पांजरपोळीचा उल्लेख वर केला तो आणखी एका कारणासाठी. जीवदया हे आपले भूषण आहे. परंतु दयेची एक पद्धत असते. चारा, पाणी, सावली मिळाली की जनावराची सोय पूर्ण होते. ज्येष्ठांच्या सोयीचा विचार करताना आपण नकळत त्याच पद्धतीने करतो. खुर्च्या ठेवा, चहा-नाश्त्याची व्यवस्था करा, एक दूरदर्शन संच लावा. स्थविराला आगमांनी जे दिले ते हे नव्हे.

येथे आपल्या भगिनींविषयी लिहिलेच पाहिजे. उपाश्रयात, स्थानकात, मंदिरात दुपारी सामायिकाला, स्वाध्यायाला, पूजापाठाला जमणारी महिला मंडळे ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली केंद्रेच आहेत. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकानंतर तेथे कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या तपाचे पारणे आहे, याची चौकशी होते. आयंबिलशाळेतील वाढप ठरते. कोणी दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी तिच्या दारावर थाप पडते. म्हणून पती गेल्यावरही आपल्याकडील आजी सहसा कोलमडत नाही. पत्नी गेल्यावर आजोबा मात्र वर्षभरात खचतात. हा फरक स्वभावाचा नसून सवयीचा आहे, असे माझे मत आहे. केंद्राची खरी गरज पुरुषांना आहे, आणि तेच तेथे येण्यास सर्वांत अधिक संकोच करतात.

परदेशांचा इतिहास आता थोडक्यात पाहू, कारण तेथेही कथा अशीच सुरू झाली. न्यूयॉर्क शहराच्या कल्याण खात्यातील सेवकांच्या ध्यानात आले की काही वृद्ध माणसे काम नसतानाही कार्यालयात येतात व बोलत बसतात. त्यांना पैशांपेक्षा सोबत हवी होती. त्यातून १९४३ मध्ये ब्राँक्स भागात एक जागा त्यांच्यासाठी उघडली गेली. त्याच वर्षी विमान अपघातात निधन पावलेले खात्याचे आयुक्त विल्यम हॉडसन यांचे नाव तिला दिले. अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिक केंद्रांचा आरंभ येथून मानतात. १९६५ च्या ज्येष्ठ अमेरिकनांविषयीच्या कायद्याने अशा कामाला सरकारी पाठबळ मिळाले आणि आज तेथे दहा हजारांहून अधिक केंद्रे आहेत. फ्रान्समध्ये १९७३ साली तुलूझ येथे ज्येष्ठांसाठी विद्यापीठीय वर्ग निघाले. पुढे इंग्लंडमध्ये ही कल्पना गेली तेव्हा तेथील मंडळींनी प्राध्यापकांनाच रजा दिली व सदस्यांनीच सदस्यांना शिकवावे असे ठरवले. आग्र्याच्या शैलीहून हे वेगळे काय? जपानमध्ये १९७५ पासून टोकियोत आणि नंतर देशभर ज्येष्ठांना झेपेल असे थोड्या वेळाचे काम मिळवून देणारी ‘सिल्व्हर’ केंद्रे निघाली. बागकाम, दुरुस्त्या, सुंदर अक्षरात पत्ते लिहिणे असली ती कामे असतात. मोबदला थोडा, पण सकाळी घराबाहेर पडण्याला कारण मिळते.

आपल्या राज्यात ज्येष्ठ नागरिक संघांची चळवळ १९८० च्या दशकात आकाराला आली व ‘फेस्कॉम’ या महासंघाने तिला एकत्र बांधले. संयुक्त राष्ट्रांनी १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरवला तो १९९० मध्ये. १९९५ च्या मार्चमध्ये डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या एका बागेत पाच जणांसह हास्यक्लब सुरू केला. पहिले काही दिवस विनोद सांगून हसत. पंधरवड्यात विनोद संपले आणि मग विनोदाविना हसण्याची रीत निघाली, ती जगभर गेली. महानगरपालिकांनी विरंगुळा केंद्रे बांधली. २००७ साली आई-वडिलांच्या चरितार्थाचा कायदा संसदेला करावा लागला, ही गोष्ट मात्र कोणत्याच समाजाला भूषणावह नाही.

या केंद्रांपैकी काही आजही गजबजलेली असतात, काहींना कुलूप असते. मार्च २०२० नंतरच्या महामारीत सर्वच बंद पडली, पण नंतर काही उघडली व काही उघडली नाहीत. जी उघडली त्यांत एक समान सूत्र दिसते. तेथे सदस्यांकडे काही ना काही जबाबदारी होती. कोणाकडे हजेरीची वही, कोणाकडे ग्रंथालयाची किल्ली, कोणाकडे वाढदिवसांची यादी. जेथे केवळ खुर्च्या, कॅरम आणि पाहुण्यांची भाषणे होती, तेथील माणसे घरी बसावयास शिकली ती शिकलीच. ‘विरंगुळा’ हा शब्द गोड आहे, पण विरंगुळा हा कामाच्या मधला असतो. ज्याला कामच उरले नाही त्याने कशातून विरंगुळा घ्यावयाचा?

आरोग्याच्या अंगाने दोनच गोष्टी नोंदवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पासष्टीपुढील माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तीन दिवस तरी तोल सांभाळण्याचा व स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम करावा. प्रदक्षिणा, खमासमण देताना वाकणे-उठणे, उभ्याने कायोत्सर्ग, यांत हे पुष्कळसे येते. व्यायाम म्हणून ते करू नये हे खरे, पण अलीकडे सभागृहांतून खुर्च्या वाढत चालल्या आहेत याकडेही पाहावे. दुसरी गोष्ट, २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची जी चौदा टाळता येण्याजोगी कारणे मांडली त्यांत एकाकीपणा आहे आणि कमी ऐकू येणेही आहे. आपल्या सभागृहात आवाज घुमतो, मागच्या रांगेतील वृद्धांना प्रवचन ऐकू येत नाही, म्हणून ते येईनासे होतात. भिंतींना जाड पडदे लावण्याचा खर्च लग्नाच्या एका दिवसाच्या रोषणाईपेक्षा कमी असेल.

सभागृहाविषयी माझे मत आता सांगण्यास हरकत नाही. दोन्ही गोष्टी साधतील. लग्नांच्या तिथी वर्षात मोजक्याच असतात, चातुर्मासात तर नसतातच. उरलेल्या दिवसांत दुपारी तीन ते पाच ही वेळ ज्येष्ठांसाठी ठेवावी. चौविहार करणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी घरी पोचता आले पाहिजे. तळमजला असल्याने जिन्याचा प्रश्न नाही. उकळलेल्या पाण्याची सोय, आधाराचे कठडे असलेली स्वच्छतागृहे, आणि व्यवस्थापन सर्वस्वी सदस्यांच्या हाती. विश्वस्तांनी तेथे पाहुणे म्हणूनच यावे.

आणि पहिल्या दिवसापासून काम हवे. ते शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही. आपल्या मंदिराच्या जुन्या वह्या, देणग्यांच्या नोंदी, प्रतिष्ठामहोत्सवांचे हिशेब एका लोखंडी ट्रंकेत बांधून ठेवलेले आहेत. त्यांतील पुष्कळ लिखाण मोडीत आहे, काही महाजनी लिपीत. शाळेत मोडी शिकलेली शेवटची पिढी आज नव्वदीच्या आसपास आहे. पेढीवर बसून महाजनी शिकलेले त्याहूनही कमी. आपल्या समाजात ही अक्षरे वाचू शकणारी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि ती सर्व दुपारी घरी असतात. त्यांनी वाचावे, सत्तरीतल्या मंडळींनी बालबोधीत उतरून घ्यावे, महाविद्यालयातील मुलांनी रविवारी संगणकावर चढवावे. जुन्या आरत्यांच्या चाली, ढाळ म्हणण्याच्या पद्धती ज्या भगिनींच्या कंठात आहेत त्यांचे ध्वनिमुद्रणही याच खोलीत व्हावे. सामग्री फारशी लागणार नाही. एक लांब मेज, चांगल्या उजेडाचे दोन दिवे, दोन मोठी भिंगे आणि पाठीला आधार असलेल्या काही खुर्च्या. ट्रंकेची किल्ली ट्रस्टच्या कार्यालयात आहे.